स्टुडिओतल्या भोंग्यास खुले पत्र

प्रति,
श्री. भोंगेराव,
मुक्काम वृत्तवाहिनीचा स्टुडिओ (कोणत्याही वाहिनीवर टाकले तरी पत्र पोचेल, आवाज सगळीकडे तुमचाच आहे)

स. न. वि. वि.

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या दिवाणखान्यात तुम्ही जो मुक्काम ठोकलात, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. इतर पाहुणे जेवून जातात. तुम्ही आमचे जेवण थांबवून बसलात.

आधी तुमच्या एका मोठेपणाची नोंद करतो. २२ एप्रिलला पहलगामला दहशतवादी हल्ल्यात २६ माणसे मारली गेली. त्यांतली सहा आपली, डोंबिवली, पुणे आणि पनवेलची. ती बातमी कानावर पडली तेव्हा घरात आपोआपच कुणी बोलेना. तिथे तुमची काही गरज नव्हती. तरी आलात. मन मोठे लागते त्याला.

मग ७ मे उजाडला. रात्री एक वाजून पाच मिनिटांनी सुरू झालेली पाकिस्तानविरुद्धची कारवाई पंचवीस मिनिटांत उरकली होती. सकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांनी कोणत्या नऊ ठिकाणांवर मारा केला ते सांगितले. तिघेही शांतपणे, मोजके बोलले. हातात कागद, मागे पडद्यावर चित्रे, संपले. ज्यांनी युद्ध केले ते असे बोलतात आणि ज्यांनी खुर्चीवरून पाहिले ते ओरडतात, यात तुमचा किती अपमान झाला असेल याची मला कल्पना आहे.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता मुंबईत तुमचे थोरले बंधू वाजले. म्हणजे नागरी संरक्षण दलाचे खरेखुरे भोंगे. देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव होता आणि १९७१ नंतर एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदाच. आमच्या खालच्या मजल्यावरचे नाना एसटीतून निवृत्त झालेले. एकाहत्तरला खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवलेला आणि गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवलेले त्यांनी पाहिले आहेत. त्यांनी सोसायटीतल्या पोरांना जमवून शिकवणी घेतली: आवाज वर चढतो, खाली उतरतो, पुन्हा चढतो, तो धोक्याचा. मग एकसारखा, न हलता वाजतो, तो धोका टळल्याचा. "दुसरा ऐकल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, समजलं?"

पोरांना समजले. नाना मात्र त्या रात्रीपासून तुमच्यासमोर बसून आहेत. दर बातमीला तुमचा आवाज चढतो, उतरतो, चढतो. "अरे, ते दुसरं कधी वाजवणार हे लोक?" असे त्यांनी मला जिन्यात अडवून विचारले. भोंगेराव, मी काय सांगणार? तुमच्या घराण्यात धाकट्याला अर्धेच शिक्षण दिले आहे.

८ मेच्या रात्री तर तुम्ही कमालच केलीत. जम्मूवर ड्रोन येत होते, हे खरे. धर्मशाळेत पंजाब आणि दिल्लीचा सामना अकराव्या षटकात थांबला, दिवे गेले, लोकांना मैदानाबाहेर काढले, हेही खरे. पण एवढ्याने तुमचे पोट भरेना. तासाभरात कराचीचे बंदर उडाले, इस्लामाबाद पडले, तिकडचे लष्करप्रमुख गजाआड गेले. नानांनी जुना नकाशा काढून बोट ठेवले तोवर तुम्ही पुढच्या शहरात पोचला होतात. पडद्यावर जे स्फोट होत होते, त्यांतले काही संगणकावरच्या लढाईच्या खेळातले आणि समाजमाध्यमांवर कराचीच्या नावाने फिरणारी एक चित्रफीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात काही महिन्यांपूर्वी पडलेल्या विमानाची. पूर्वी माणसे युद्धाच्या कथा रचायची, त्यात निदान कष्ट तरी होते.

गंमत म्हणजे नेमक्या त्याच रात्री, आपल्याकडे साडेनऊ वाजून गेले होते तेव्हा, व्हॅटिकनच्या धुराड्यातून नवा पोप निवडल्याचा पांढरा धूर निघाला. १३३ कार्डिनल, सगळ्यांचे मोबाइल बाहेर ठेवलेले, दार आतून बंद, मतमोजणी पूर्ण, चिठ्ठ्या जाळल्या, मग धूर. आधी निर्णय, नंतर धूर. इतका मागासलेला क्रम पाहून तुम्ही त्या बातमीकडे फिरकला नाहीत, हे स्वाभाविकच म्हणायचे.

आता एक गोष्ट थोडी हळू आवाजात लिहितो. पूंछमध्ये ७ मेला पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात एका मदरशातले शिक्षक गेले. काही वाहिन्यांनी त्यांचा फोटो दाखवून त्यांना दहशतवादी ठरवले. घरात मयत आणि टीव्हीवर हे. पूंछच्या पोलिसांना पत्रक काढून सांगावे लागले की हा माणूस स्थानिक शिक्षक होता, त्याचा दहशतवादाशी संबंध नाही. पुढे जूनच्या अखेरीस तिथल्या न्यायालयाने वाहिन्यांवर गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. आरोप झाला तेव्हा तुम्ही वाजलात. खुलासा आला तेव्हा तुमची सुटी होती की घसा बसला होता? नाना ज्या दुसऱ्या आवाजाची वाट पाहतात तो हाच असावा, असे मला वाटते. पण तो वाजवायला जाहिरातदार मिळत नाही.

१० मेला तुमच्यावर सरकारी कागद निघाला, अभिनंदन. अग्निशमन, नागरी संरक्षण आणि होमगार्डच्या महासंचालनालयाने सगळ्या वाहिन्यांना कळवले की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचा भोंगा वापरू नका, रोज ऐकून लोकांना त्याचे काही वाटेनासे होईल आणि खरा हल्ला झाला तर तेही टीव्हीवरचेच आहे असे समजतील. बातमीतल्या मजकुराविषयी सूचना अनेकदा निघतात, पण पार्श्वसंगीतावर राष्ट्राच्या सुरक्षेसाठी बंदी येणे हा मान आजवर कुठल्या संगीतकाराला मिळाला असेल असे वाटत नाही.

आणि दैवगती पाहा, त्याच १० मेला आकाशातून खरोखरच काही पडले. सोव्हिएत संघाने १९७२ च्या मार्चमध्ये शुक्राकडे सोडलेले कॉसमॉस ४८२. ते पृथ्वीच्या कक्षेतून बाहेर पडू शकले नाही आणि ५३ वर्षे घिरट्या घालत राहिले. आतला सुमारे पाचशे किलोचा गोळा शुक्रावरची भट्टी सोसेल असा बनवलेला, त्यामुळे वातावरणात जळून जाईल याची खात्री नव्हती. कुठे पडणार हेही आदल्या दिवशीपर्यंत नक्की नव्हते. शेवटी हिंदी महासागरात पडल्याचे रशियाने सांगितले. हा तुमचा हक्काचा प्रसंग होता हो! तुमच्या सबंध कारकिर्दीत वरून काहीतरी पडते आहे हे एकदाच खरे होते आणि आमच्या पडद्यावर ते खालच्या पट्टीत, केसतेलाच्या जाहिरातीला चिकटून सरकत गेले.

त्याच दिवशी संध्याकाळी पाच-पंचवीसला तुमची मोठीच फजिती झाली. गोळीबार थांबल्याची बातमी अमेरिकेच्या अध्यक्षांनी स्वतःच्या समाजमाध्यमावर फोडली. आपल्या परराष्ट्र सचिवांनी सहाच्या सुमारास येऊन सांगितले की दोन्हीकडचे लष्करी अधिकारी दुपारी बोलले, पाचपासून सगळे थांबले आहे. दीड-दोन मिनिटांचे निवेदन. नाना ताठ बसले. आता तरी एकसारखा वाजेल! तुम्ही पुन्हा चढलात, उतरलात, चढलात.

तुमच्या गोंगाटात आमच्या घरच्या काही बातम्या हरवल्या, त्यांची यादी देत नाही, दोनच सांगतो. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली होती आणि तेव्हापासून शहराचा कारभार नगरसेवकांशिवाय चालला होता. ६ मेला सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढा आणि चार महिन्यांत निवडणुका उरका असे सांगितले. चार महिने निवडणुकीशिवायच उलटले. मुंबईत मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. दुसरी बातमी भुयारी मेट्रोची. त्याच आठवड्यात ती आचार्य अत्रे चौकापर्यंत धावू लागली, आणि २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत ७५ वर्षांत सर्वांत लवकर पोचला तेव्हा ते नवे कोरे स्थानक पाण्याने भरले. ज्यांचे नाव स्थानकाला दिले त्या अत्र्यांनाही अतिशयोक्तीचे वावडे नव्हते. पण त्यांचे 'दहा हजार वर्षांत असे झाले नाही' ऐकून माणूस हसायचा, गच्चीचे दार लावून घ्यायचा नाही.

तेव्हा एक सुचवतो. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. तो वाजला की घरोघरी टीव्ही बंद करायचा, मोबाइल बाजूला ठेवायचा, पोरांनी अभ्यासाला बसायचे. दीड तासाने पुन्हा वाजतो, मग ज्याला हवे ते पाहावे. तिथे तुमची बदली करून घ्या. काम दिवसाला दोनदाच, सातला आणि साडेआठला. मधल्या वेळात इस्लामाबाद पडले तरी वाजायचे नाही. पगारवाढ नाही, पण रविवारची सुटी मागून पाहा, गावकरी भले आहेत. अर्जासोबत दुसरा सूर येत असल्याचा दाखला जोडावा लागेल. शिकवणीसाठी नाना तयार आहेत. रोज चार वाजता चहाच्या आधी या आणि येताना निवेदकाला आणू नका.

कळावे, लोभ आहे तेवढाच पुरे.

आपला,
रिमोट हाती असूनही पाहत बसलेला एक प्रेक्षक