गुंडी ओळखा

उत्तम नक्कल तीच, जी नक्कल आहे हे कुणाला कळत नाही. पण कुणाला कळलंच नाही तर माझं कौतुक कोण करणार? सिलिकॉनचे साचे करून त्यात रेझिनचे बारीकसारीक सुटे भाग ओतायचा नाद लागल्यापासून मी या पेचात आहे. ड्रॉवरची मूठ, रेग्युलेटरचं बटण, जे तुटेल ते मी बनवतो, बसवतो आणि आल्यागेल्याच्या नजरेवर नजर ठेवून बसतो. आलेगेले पोहे खातात.

आत्याच्या बाजाच्या पेटीचं काम मी मागून घेतलं. स्टॉपरच्या पाच गुंड्यांपैकी एक कधीच गेलेली, नुसती आट्यांची सळई बाहेर आलेली. दुरुस्तीवाल्याने वरवर बघून सांगितलं, "असल्या गुंड्या आता येत नाहीत. पाचही बदला, नाहीतर पेटी नवीनच घ्या." हे 'नवीनच घ्या' माझ्या डोक्यात जातं. बोटाच्या पेराहून लहान तुकड्यासाठी अख्खी सागवानी पेटी काढून टाकायची? पेटीने आधीच काय कमी सोसलंय! 1940 साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती 1971पर्यंत उठली नाही. बंदी उठली, आत्याचा राग अजून उतरलेला नाही.

शाबूत गुंड्यांपैकी एक काढून घरी आणली. ती निम्मी मातीत रुतवायची, भोवती भिंती उभ्या करायच्या आणि वरून सिलिकॉन ओतायचं. भिंतींसाठी मी माझी उरलेली व्हिजिटिंग कार्डं वापरतो. 'उपमहाव्यवस्थापक' ही अक्षरं आतल्या बाजूला येतील असं बघतो, कारण सिलिकॉन इतकं बारीक टिपतं की छपाई जरा उठावदार असती तर साच्याच्या कडेवर माझा हुद्दा उलटा उमटला असता. साधी छपाई घेतल्याचा पश्चात्ताप होतो तो अशा वेळी. सिलिकॉनही दोन जातींचं. प्लॅटिनमच्या जोरावर घट्ट होणारं फार सोवळं: गंधक असलेली माती किंवा लॅटेक्सचा हातमोजा नुसता लागला, तरी तेवढ्या जागी ते चिकटच राहतं. ज्या गंधकाने चार्ल्स गुडइयरने 1839 साली रबराला टिकाऊ केलं, त्याच गंधकाचा याला विटाळ! कथिलवालं त्या मानाने चालवून घेतं. 100 ग्रॅमला हार्डनर साधारण 2-3 ग्रॅम. इंग्लंडच्या फ्रेडरिक किपिंगने या संयुगांवर उभी हयात घालवली आणि यातून फारसं काही हाती लागेल असं वाटत नाही, असं शेवटी स्वतःच सांगून टाकलं. मी असतो तर पत्रकं वाटली असती.

एक बाजू जमली की माती काढायची, सिलिकॉनला व्हॅसलीन फासायचं आणि दुसरी बाजू ओतायची. व्हॅसलीन हवंच, कारण सिलिकॉन दुसऱ्या कशाला सहसा चिकटत नाही, पण सिलिकॉनला घट्ट धरतं.

मोदकाच्या साच्यात आणि यात तसा फरक नाही. तीच दोन पाखं, तेच तूप फासणं, तेच खालच्या भोकातून भरणं, आणि उघडल्यावर अंगावर तीच उभी शिवण. ही शिवण आत्याला दहा पावलांवरून दिसते. कुणाच्या घरी नैवेद्याचं ताट आलं की ती मोदक उचलत नाही, नुसता फिरवून बघते. "साच्यातला," एवढंच म्हणते, आणि यजमानीणबाईंचा चेहरा उतरतो. तिचं म्हणणं, साच्यातल्या मोदकाच्या कळ्या सगळ्या सारख्या असतात, आणि सारख्या कळ्या पाडायला माणूस कशाला हवा? तिची उकड तिच्या बोटांना ओळखते. तेलपाण्याचा हात लावून ती पारी इतकी पातळ करते की आतलं सारण पिवळसर दिसावं. मग अंगठा आणि दोन बोटं नुसती फिरतात आणि कळ्या उभ्या राहतात. एखादी वाकडी असते. ती वाकडी कळी बघून 'हा आत्याचा' असं आम्ही लहानपणी ओळखायचो आणि त्यावरून मारामारी करायचो. साच्यातल्या मोदकावरून कधी कुणी मारामारी केल्याचं मी ऐकलेलं नाही. अशा बाईकडे मी साच्यातली गुंडी घेऊन निघालो होतो.

रेझिन मात्र घाई करतं. पॉलियुरेथेनचे दोन भाग एकत्र केले की हातात काही मिनिटंच असतात, आणि त्याला ओल लागली तर आत फेस धरतो. श्रावणातल्या हवेत हे काम म्हणजे पंचाईतच. खिडक्या उघड्या, हातमोजे चढवलेले, बारीक धार धरून मी ओतलं. भोकाच्या जागी व्हॅसलीन लावलेला स्क्रू उभा केला होता. रेझिन जमल्यावर तो उलटा फिरवून काढला आणि आत आटे तयार! हे मी बायकोला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं. शिवण पॉलिश पेपरने घासून रंगही असा जुळवला की त्या पाचांतली माझी कोणती, हे मलाच शोधावं लागलं.

आत्याने पेटी उघडली. मी खोकलो. ती भाता सोडवू लागली. "काही वेगळं वाटतंय का?" मी विचारलं. "पेटी पुसलीस वाटतं," ती म्हणाली.

मग तिने ती गुंडी ओढली आणि काळी चारचा सूर एकदम भरून आला. आत्या थांबली. भजनी मंडळात ती हा सूर कधीच लावत नसे. "मला नाही बाई आवडत तो सारखा घूं घूं" असं सगळ्यांना सांगायची. संधिवाताच्या बोटांना ती उघडी सळई ओढवत नव्हती. ते सांगण्यापेक्षा तिने आवड बदलली होती. मला वाटायचं, आमच्या घराण्यात एवढा अहंकार माझ्याकडेच आला आहे.

तिने बराच वेळ सूर धरून ठेवला. मग गुंडी अंगठ्याने चाचपली आणि म्हणाली, "साच्यातली?"

मी त्या वेळी एक सुचवून पाहिलं: तिच्या हातच्या मोदकाचाच साचा करायचा, फूड ग्रेड सिलिकॉनमध्ये, वाकड्या कळीसकट. तिने मला घराबाहेर काढलं. "मी गेल्यावर काय करायचं ते कर," म्हणाली. पण तेव्हा नमुना कुठून आणणार? म्हणून यंदा चतुर्थीला उकडण्याआधीच ताटातला एक पळवायचा बेत आहे. बायकोला सांगून ठेवलंय: आत्याकडून बावीस वळून घे.