वर्षाला एक क्विंटल दगड, घरपोच

पुण्याच्या वेशीबाहेरच्या नव्या सोसायटीत फ्लॅट पाहायला गेलेल्या कुटुंबाला बरंच काही दाखवलं जातं. क्लबहाउस, जॉगिंग ट्रॅक, मुलांची घसरगुंडी, गच्चीवरून दिसणारी टेकडी. पाण्याचं विचारलं की ‘चोवीस तास’ असं उत्तर मिळतं आणि ते खोटं नसतं. बोअर आहे, टँकर आहे, टाकी काठोकाठ भरलेली आहे. त्या पाण्यातून आणखी काय येतं, तेवढंच माहितीपत्रकात छापायचं राहून जातं.

हिशेब सोपा आहे. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं, असं सरकारी नियोजनाचं गणित सांगतं. चौघांच्या घराला ५४० लिटर. बोअरच्या पाण्याचा हार्डनेस ५०० पीपीएम धरला, म्हणजे लिटरमागे अर्धा ग्रॅम चुनखडी, तर रोज २७० ग्रॅम आणि वर्षाला साडेअठ्ठ्याण्णव किलो. जवळजवळ क्विंटलभर दगड दरवर्षी चौथ्या मजल्यावर चढतो, तोही लिफ्टला हात न लावता. सुदैवाने त्यातला बराचसा आंघोळीबरोबर गटारात उतरतो. उरलेला घरात मुक्काम ठोकतो.

मुक्कामाच्या जागा ठरलेल्या. शॉवरची भोकं एकेक करून बुजतात आणि शेवटी तीनच धारा उरतात. एक भिंतीवर जाते, एक पडद्यावर, आणि तिसरी बरोबर डोळ्यात. गीझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं. मग आधी कवच तापतं, नंतर पाणी तापतं आणि महिन्याच्या शेवटी वीजबिल पाहून घरमालक तापतो. विदर्भात बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरचा वाळा दोन उन्हाळ्यांत असा कडक होतो, की त्यातून गार वारा येण्याऐवजी नुसता आवाज येतो. स्टीलचे ग्लास घासूनपुसून ठेवले तरी पाहुण्यांसमोर न धुतल्यासारखे दिसतात.

ही सगळी हानी सोसता येते. अशा जड पाण्याचा खरा दोष वेगळाच आहे. गुन्हा ते करतं आणि शिक्षा दुसऱ्याला होते.

पहिला आरोपी वाणी. तुरीची डाळ पाच शिट्ट्यांनंतरही दाणा न दाणा वेगळा ठेवते, तेव्हा ‘जुना माल दिला’ म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडली जातात. डाळ निर्दोष असते. पाण्यातलं कॅल्शियम तिच्या पेशीभिंतींमधल्या पेक्टिनला जखडून ठेवतं आणि दाणा मऊ होत नाही. गावाकडच्या ज्या बायका ‘या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ असं म्हणत, त्यांनी पेक्टिनचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण चिमूटभर खायचा सोडा टाकायला त्या बायका विसरत नव्हत्या, आणि उपाय बरोबर होता.

दुसरा आरोपी दूधवाला. चहावर तपकिरी, किंचित चकचकीत तवंग येतो आणि कपाच्या आत वर्तुळ उमटतं. सासूबाईंचं निदान ठाम असतं : दुधात काहीतरी आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात मायकेल स्पायरो आणि देवग्रॅशियस जगान्यी या दोघांनी हाच तवंग गोळा करून तपासला आणि १९९३ साली ‘नेचर’मध्ये त्यावर टिपण लिहिलं. निघालं ते असं, की चहातली सेंद्रिय द्रव्यं हवेच्या आणि पाण्यातल्या कॅल्शियमच्या संगतीत हा थर तयार करतात. मऊ पाण्यात तो धरत नाही, लिंबू पिळलं तर पळतो. लंडनचं नळाचं पाणीही चुनखडीच्या प्रदेशातलं, त्यामुळे संशोधकांना नमुन्यासाठी लांब जावं लागलं नसेल. इतक्या मोठ्या नियतकालिकाने क्लीन चिट दिली, तरी इकडचा दूधवाला अजून जामिनावरच आहे.

तिसरा आरोपी साबण. तो फेसाळत नाही म्हणून ब्रँड बदलला जातो, नवाही फेसाळत नाही, म्हणून ‘आजकाल कशातच काही राहिलं नाही’ या राष्ट्रीय निष्कर्षावर घर येऊन पोहोचतं. वास्तविक साबण आधी पाण्यातल्या कॅल्शियमशी झुंजतो, त्याचा चिकट चोथा करून बादलीच्या कडेला लावतो आणि त्यातून वाचलाच, तर फेसाचं बघतो. ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी एकोणिसाव्या शतकात याच गोष्टीचं मोजमाप केलं. साबणाचं द्रावण पाण्यात घालायचं, बाटली हलवायची, फेस टिकेपर्यंत किती साबण लागला ते पाहायचं, झाला हार्डनेस. महाराष्ट्रातल्या बहुतेक गृहिणी हा प्रयोग रोज सकाळी करतात, फक्त आकडा लिहून ठेवत नाहीत. क्लार्क यांनी पाणी मऊ करण्याच्या रीतीचं १८४१ साली पेटंटही घेतलं. त्यांचा उपाय पाण्यात चुन्याची निवळी घालण्याचा होता. चुना काढायला चुनाच, आणि तो खरंच काढतो : पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट त्यामुळे न विरघळणाऱ्या कार्बोनेटच्या रूपात तळाशी बसतं.

असं पाणी आपल्याच वाट्याला का, हा प्रश्न पेठेतून उपनगरात राहायला गेलेल्या माणसाला विशेष छळतो. पेठेत खडकवासल्याचं पाणी. ते सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं. धरणात साठतं आणि नळाला येतं, खडकाशी फारशी ओळख न होता. बोअरचं पाणी मात्र काळ्या कातळाच्या भेगाभेगांतून मुरत गेलेलं. पावसाचं पाणी मातीतून जाताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि वाटेतल्या बेसॉल्टमधलं कॅल्शियम-मॅग्नेशियम उचलत खाली उतरतं.

याच कातळाने दुसऱ्या हाताने दानधर्मही केलेला आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइट कुळातली सुंदर स्फटिकं वाढतात, जगभरच्या संग्रहालयांत मांडली जातात. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट ही त्यांतली नावाजलेली. सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं एक संग्रहालयच त्यांच्यासाठी आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींनी स्टिलबाइटच्या शुभ्र बैठकीवर उगवलेलं निळंशार कॅव्हन्साइट जगाला दाखवलं. स्वीडनच्या ॲक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५६ साली झिओलाइट हे नाव ठेवलं तेव्हा त्यांना ते तापवल्यावर फसफसतं एवढंच कौतुक होतं. पुढे कळलं, की या कुळाला एक खोड आहे : ते स्वतःजवळचं सोडियम देऊन पाण्यातलं कॅल्शियम घेतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी कारखान्यात बनवलेलं झिओलाइट वापरून पाणी मऊ करायला सुरुवात केली. थोडक्यात, रोग आणि औषधाची जात या दोन्ही गोष्टी एकाच कातळात. वाघोलीची स्फटिकं परदेशात गेली आणि वाघोलीत टँकर आला.

आज सोसायटीच्या पंपाशेजारी उभ्या असलेल्या सॉफ्टनरच्या निळ्या-करड्या टाकीत झिओलाइट नसतं, रेझिन असतं. साबुदाण्याहून बारीक, मधाळ रंगाचे प्लॅस्टिकचे मणी. या घराण्याचा मूळपुरुष १९३५ सालचा. इंग्लंडमधल्या ॲडम्स आणि होम्स या संशोधकांना ग्रामोफोनच्या तबकड्यांचा चुरा आयनांची देवघेव करतो असं आढळलं आणि त्यावरून त्यांनी कृत्रिम रेझिन तयार केली, असं रसायनशास्त्राच्या इतिहासात सांगतात. त्या तबकड्यांवर कुणाचं गाणं होतं, याची नोंद नाही.

रेझिनचा व्यवहार बोहारणीसारखा असतो. ती दारात बसते, जुनेर घेते, भांडं देते. इथे मणी एक कॅल्शियम घेतो आणि दोन सोडियम देतो. सगळी भांडी संपली की बोहारीण उठते. सॉफ्टनरला मात्र उठता येत नाही, म्हणून त्याच्या पोटात मिठाचं दाट पाणी सोडतात. सोडियमची एवढी गर्दी होते, की मण्यांना जमवलेलं सगळं कॅल्शियम टाकून पुन्हा सोडियम घ्यावं लागतं. याला प्लंबर ‘रीजन मारणं’ म्हणतात. व्हॉल्व्ह फिरवायचा, बॅकवॉश द्यायचा, मिठाचं पाणी ओढू द्यायचं, खळखळून धुवायचं आणि मशिन पुन्हा कामाला.

यंत्र बसलं की घरात आरोपी संपतील, अशी कमिटीची समजूत असते. आरोपी फक्त बदलतात.

आठवडाभरात सेक्रेटरी पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं टीडीएस मीटर घेऊन येतात. सॉफ्टनरच्या आधीचं पाणी ८२०, नंतरचं ८३५! ‘पैसे घेऊन पाणी आणखी खराब केलं’ म्हणून विक्रेत्याला फोन जातो. बिचारा विक्रेता खरं तेच सांगतो. सॉफ्टनर क्षार काढतच नाही, बदलतो. ४० भार कॅल्शियमच्या जागी ४६ भार सोडियम येतं, तेव्हा मीटर किंचित वर जाणारच. हार्डनेस मोजायचा तर थेंब टाकून रंग पाहणारी चाचणी करावी लागते. लालसर पाणी निळं झालं, की टाकलेले थेंब मोजायचे. पण मीटरवर आकडा दिसतो आणि थेंब मोजावे लागतात, त्यामुळे सभेत मीटरचं म्हणणं जास्त ऐकलं जातं.

मग तिसऱ्या मजल्यावरून तक्रार येते : साबण अंगावरून जातच नाही, बुळबुळतं. इतकी वर्षं अंग धुतल्यावर जी खरखरीत ‘स्वच्छता’ हाताला लागत होती, तो कातडीवर बसलेला साबणाचाच चोथा होता, हे त्या कुटुंबाला सांगायला कुणी धजत नाही. साबण निम्मा वापरा, एवढं सांगून प्लंबर जिना उतरतो.

तुळशीचं प्रकरण त्याहून नाजूक. मऊ पाणी कुंडीत गेलं, की सोडियम मातीला चिकटतं, माती घट्ट होते, पाणी वरच साचतं. ऊस भागातला शेतकरी अशा जमिनीला ‘चोपण’ म्हणतो आणि ती दुरुस्त करायला जिप्सम टाकतो, म्हणजे कॅल्शियमच परत आणून घालतो. बागेचा नळ सॉफ्टनरच्या अलीकडे ठेवला असता तर हे टळलं असतं.

पिण्याचंही तसंच. ५०० पीपीएमचं पाणी पूर्ण मऊ केलं, तर लिटरमागे २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. दोन लिटर पाण्यातून ४६० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची मर्यादा २,००० सांगते. म्हणून स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ वेगळा ठेवावा, नाहीतर त्यावर आरओ असावा. जड पाणी पिण्याने बिघडत नाही, कॅल्शियम तर शरीराला हवंच असतं. आपलं भारतीय मानक २०० पर्यंतचा हार्डनेस पसंत करतं आणि दुसरं पाणीच नसेल, तर ६०० पर्यंत डोळेझाक करतं. सॉफ्टनर माणसापेक्षा गीझरच्या तब्येतीसाठी असतो.

कामाच्या ठिकाणी ही भावनिक गुंतागुंत नसते. साखर कारखान्यातला बॉयलर तवंगाबद्दल कुरकुर करत नाही. नळीत थर साचला, तर ती तापून फुटते, म्हणून तिथे पाणी आधी मऊ करतात आणि मग बोलतात. कापड रंगवणाऱ्याला जड पाण्यात एकाच ताग्यावर दोन छटा मिळतात, गिऱ्हाइकाला त्यांतली एकच हवी असते. डायलिसिस केंद्रात आरओच्या पडद्यांवर थर बसू नये म्हणून त्यांच्या आधी सॉफ्टनर लावतात. ऑफिसातलं कॉफी मशिन तेवढं अपवाद. ते ‘डीस्केल’चा लाल दिवा लावून बसतं आणि तो दिवा म्हणजे एचआरचं काम की ॲडमिनचं, हे ठरेपर्यंत सगळे खालच्या टपरीवर चहा पितात. पाव तास लिंबूसत्वाचं पाणी फिरवलं, तर दिवा विझतो. पण ते फिरवायचं कुणी?

खरा पेच मिठाचा आहे. एक किलो चुनखडी काढायला कागदावर ११७० ग्रॅम मीठ लागतं, प्रत्यक्षात साधारण दुप्पट. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत रोज दहा-अकरा किलो दगड येतो, तेव्हा ५० किलोचं पोतं दोन दिवसांत रिकामं. ते सगळं खारं पाणी शेवटी नाल्यात. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा खोऱ्यात नदीतलं क्लोराइड वाढून खालच्या बाजूच्या स्ट्रॉबेरी आणि ॲव्होकॅडोच्या बागांवर बेतलं, तेव्हा २००८ साली तिथल्या मतदारांनी मतदान करून मिठावर चालणारे घरगुती सॉफ्टनर काढून टाकायला लावले.

आपल्याकडे मतदान वार्षिक सर्वसाधारण सभेत होतं. विषय सहावा : मिठाचा खर्च. बंद फ्लॅटवाले म्हणतात, आम्ही पाणीच वापरत नाही, आमच्या वाटणीचा दगड जमिनीतच आहे, तो तिथेच असू द्या. तळमजल्यावरचे प्रत्येकाला मीटर लावा म्हणतात. एक तरुण पाइपाला बाहेरून बांधायच्या लोहचुंबकाचा व्हिडिओ दाखवतो. त्यात मीठ लागत नाही, आणि कॅल्शियमही निघत नाही, असं एक निवृत्त प्राध्यापक शांतपणे सांगतात. पावसाचं गच्चीवरचं पाणी बोअरमध्ये जिरवावं, ही सूचना सगळ्यांना पटते, म्हणून ती ताबडतोब बाजूला ठेवली जाते. शेवटी अध्यक्ष खर्चाचा विषय पुढच्या सभेवर ढकलतात आणि तोपर्यंत रोज किती मीठ टाकायचं यावर लक्ष ठेवायला तिघांची उपसमिती नेमतात. तिघांपैकी दोघांना डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं आहे.