आधी दर्शन, मग घाट

आपल्याकडच्या बहुतेक देवांना सायकलवाल्याची काळजी आहे. ते डोंगरावर राहतात. भोर-वेल्ह्याकडचंच बघा. रायरेश्वर पठारावर, तोरण्याची मेंगाई किल्ल्यावर, आणि भोरहून आंबाडखिंडीच्या घाटाने गाठायची ती मांढरदेवीची काळूबाईही डोंगरावरच. जाताना घाम गाळायचा, वर नारळ फोडायचा आणि येताना पायाला विश्रांती देऊन नुसतं घरंगळत खाली यायचं. कष्ट आधी, फळ नंतर. हा व्यवहार कोणालाही पटेल.

शिवथरघळीचा व्यवहार मात्र उलटा आहे. समर्थ रामदासांनी मुक्कामाला जागा निवडली ती सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणात, धबधब्याच्या आडोशाला. भोरमार्गे जाणाऱ्याला वरंधा घाट उतरून दर्शन मिळतं आणि तपश्चर्या दर्शनानंतर सुरू होते. जेवून हात धुतल्यावर चूल पेटवायला सांगावी, तसं.

सायकलने शिवथरघळीला जायचं हे खूळ माझ्या डोक्यात घातलं भाच्याने. तो फ्रान्समध्ये नोकरीला असतो. तिकडे सांतियागोच्या यात्रेचा एक जुना मार्ग आहे. संत जेम्सची समाधी स्पेनच्या टोकाला, आणि तिकडे जाणारी एक वाट फ्रान्समधल्या ल प्युई गावातून निघते. तिथला बिशप गोदेस्काल्क इसवी सन ९५०च्या सुमारास या यात्रेला गेला, आणि लोक अजून त्या वाटेने चालताहेत. भाचा सायकलवरून गेला. यात्रेकरूजवळ एक पुस्तिका असते, तिच्यावर गावोगावी शिक्के मारून घ्यायचे आणि शेवटी प्रमाणपत्र मिळवायचं. पायी जाणाऱ्याला त्यासाठी शेवटचे शंभर किलोमीटर पुरतात, सायकलवाल्याला दोनशे लागतात. म्हणजे सायकलवाल्याचं पुण्य युरोपातही निम्म्याच भावाने घेतात.

या वाटेवर कॉन्क नावाचं गाव आहे, तेही असंच खोल दरीच्या उतारावर. तिथल्या देवळात सेंट फॉय या संत मुलीच्या अस्थी आहेत. नवव्या शतकात तिथल्याच एका साधूने त्या आझाँ गावाहून चक्क चोरून आणल्या. आपल्याकडे देवळात चोरी झाली की पंचनामा होतो. तिथे जत्रा भरायला लागली, आणि ती ज्या गावात चोरी झाली त्या गावाला नाही, चोराच्या गावाला! देवळाच्या दारावर बाराव्या शतकातलं अंतिम न्यायनिवाड्याचं शिल्प आहे. एका बाजूला पुण्यवान ओळीने शांत बसलेले, दुसऱ्या बाजूला पापी लोकांचे मन लावून केलेले हाल. ‘मामा,’ भाचा फोनवर म्हणाला, ‘ते शिल्प बघून घाबरायचं कारण नाही. खरा नरक गावातून बाहेर पडतानाच्या चढावर आहे. तुमच्याकडे असं काही नाही ना?’

‘नाही ना’ या दोन शब्दांनी घात केला. पुण्यातल्या माणसाला तुमच्याकडे अमुक नाही म्हटलेलं सहन होत नाही.

खरं तर आमच्या यात्रेची जुनी वाट डांबरी नाहीच. वेल्हे तालुक्यातून (आता त्याचं नाव राजगड तालुका झालंय, पण रस्ता विचारताना मी अजून वेल्हेच म्हणतो) कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा आहेत. मढे, उपांड्या, गोप्या, अशी नावं. १६७० मध्ये कोंढाणा पडल्यावर तानाजी मालुसऱ्यांचा देह मढे घाटाने उमरठ्याला नेला, असं परंपरा सांगते. गोप्या घाट तर शिवथरच्याच अंगाला उतरतो. समर्थांच्या काळातला वाटसरू जायचा तो अशाच वाटेने. मी केळदला एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, की या वाटेने सायकल जाईल का. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ‘जाईल की. पर घाटात कुनी कुनाला न्यायचं, ते आधी ठरवून घ्या.’

म्हणून वरंधा. कात्रज ओलांडून महामार्गाने कापूरहोळ, तिथून भोर. महामार्गाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, जिवंत राहिलो एवढंच. भोरला चहाच्या टपरीवर मात्र चौकशी समिती बसली. पहिला प्रश्न, ‘बॅटरी कुठं बसवलीय?’ बॅटरी नाही म्हटल्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर घरात काही दुःखद घडल्यासारखे भाव. दुसरा प्रश्न किमतीचा. त्याचं खरं उत्तर मी घरातसुद्धा दिलेलं नाही. तिथे एक तृतीयांश आकडा सांगितला, तरी एक मामा कळवळले, ‘एवढ्यात जुनी स्प्लेंडर आली असती हो!’ मग मला गिअर किती ते विचारलं. खूप आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, ‘आणि तरी पायच मारायला लागतात?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सायकल बनवणाऱ्यांकडेही नसावं.

भोरच्या पुढे नीरा-देवघर धरणाचं पाणी रस्त्याची सोबत करतं. हिर्डोशीचं खोरं सुंदर आहे, पण ते सौंदर्य बसून बघायचं आहे. रस्ता एकदम अंगावर येत नाही. लांबून, गोड बोलून चढवतो. सपाट वाटतं आणि सायकल मात्र पुढे सरकत नाही. मी थांबून मागचा ब्रेक घासतोय का ते पाहिलं. घासत नव्हता. ‘घाट किती लांब?’ असं ज्याला विचारावं तो ‘हितंच’ म्हणायचा. भोर तालुक्यात अंतर मोजायचं हे एकच माप आहे आणि ते कशालाही लागू पडतं. नीरेचा उगम इकडेच, शिरगावला. त्या नदीला इथून निघून खाली जायची एवढी घाई का झाली असेल, ते तिथे पोचल्यावर कळलं.

घाटमाथ्यावर वाघजाईचं देऊळ आणि चहा-भज्यांच्या टपऱ्या. रस्त्याने कावळ्या किल्ल्याची डोंगरधारच कापलीय. इथे माणसं वाघजाईला हात जोडतात आणि माकडांना भजी देतात. माझी भजी माकडाने न विचारता घेतली. मी ते दानात धरलं.

पुढे उतार. त्याचं वर्णन करायला मी डोळे उघडे ठेवले होते असं नाही. दोन्ही ब्रेक दाबून बोटं बधिर झाली, आणि प्रत्येक वळणाला मनात एकच विचार, की हे सगळं परत चढायचंय. माझेरी, वरंध, बारसगाव, तिथून आत वळून घळ.

घळीत शिरल्यावर मात्र माझी बडबड थांबली. दगडाच्या पोटातली गार जागा, समोर पाणी, आत समर्थ सांगताहेत आणि कल्याणस्वामी लिहून घेताहेत अशा मूर्ती. दासबोध इथे लिहिला गेला असं मानतात. ही घळ १९३० मध्ये धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी शोधून काढली. मधल्या काळात ती विस्मरणातच गेली होती, आणि तो घाट उतरल्यावर मला त्याचं जराही नवल वाटलं नाही.

दासबोधात वीस दशक, दोनशे समास. त्यात दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांचा. कॉन्कच्या कारागिरांनी पाप्यांची यादी दगडात कोरली, समर्थांनी मूर्खांची यादी ओव्यांत बांधली. मला समर्थांची पद्धत जास्त आवडते. पापी माणसाला आपण पापी आहोत हे बहुतेक ठाऊक असतं, मूर्खाला सांगावं लागतं. मी तिथे बसून ती लक्षणं एकेक वाचली. विनाकारण सायकल घेऊन घाट उतरणारा त्यात नव्हता. सुटलो म्हणून पुढे गेलो, तर त्याच दशकाचा दहावा समास पढतमूर्खाचा निघाला. तो मी पूर्ण वाचला नाही. उजेड कमी होता.

परतीच्या चढाबद्दल भाच्याला मी जे सांगितलं ते असं: घाट चढून आलो. हे खरं आहे. बारसगावला एक पिकअपवाला भेटला. तो भोरचा भाजीपाला महाडला टाकून रिकामा परतत होता. मला बघून स्वतःच थांबला. ‘मामा, टाका मागं. गाडी मोकळीच चाललीय.’ साधुसंतांच्या भूमीत आपणहून आलेली मदत नाकारणं हा अहंकार झाला. वाघजाईला उतरून पुढे भोरपर्यंत मी सायकलच चालवली, आणि टपरीवरच्या समितीने ‘आलं बघा, आलं!’ म्हणून चहा पाजला. आपल्या वाटेवर शिक्के मारणारं कार्यालय नाही, ही फार मोठी सोय आहे.

तुम्ही जाणार असाल तर पाऊस सरल्यावर जा. पावसाळ्यात वरंध्यात दरडी कोसळतात आणि वाहतूक बंद ठेवतात, तेव्हा भोरमध्ये आधी चौकशी करा. निघण्यापूर्वी ब्रेक नवे घाला. आणि महाडच्या बाजाराला भाजी नेणारा एखादा भोरकर आधीच ओळखीचा करून ठेवा.