एल-वन काका

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आनंदनगरच्या आमच्या केमिकल कंपनीत काका जन्मभर परचेस सांभाळत आलेत. त्यामुळे दुकानात जाऊन, पैसे देऊन, वस्तू घेऊन घरी येणं हा व्यवहार त्यांना अनैतिक वाटतो. आधी इंडेंट, मग तीन कोटेशनं, मग तुलनातक्ता आणि शेवटी एल-वन, म्हणजे सगळ्यांत कमी भाव लावणारा. त्यांच्या घरी मटारसुद्धा एल-वनकडून येतो. किडका निघाला तर भाजीवाल्याला डेबिट नोट पाठवता येत नाही, ही त्यांची जुनी खंत. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर आहे. बाकी सगळे त्यांना एल-वन काकाच म्हणतात.

तर काकांची लेक सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नर्सिंग होममध्ये नाव घातलं. तिथल्या मुलीने एक छापील कागद पुढे केला आणि गोड आवाजात सांगितलं, "डिलिव्हरी किट आमच्याकडेच मिळतं, काका. घरून काहीच आणायला नको."

काकांच्या कपाळावर आठी. "सिंगल व्हेंडर?"

किटमध्ये मोठे पॅड, गादीवर घालायच्या शीट, एकदा वापरून टाकायच्या चड्ड्या, पोटाचा पट्टा, कोमट पाण्यात बसायचा टब. भाव एकरकमी. काकांनी ब्रेकअप मागितला. ती पोरगी आधी काकांकडे, मग त्यांच्या लेकीकडे काळजीने बघत राहिली.

"नॉर्मल झाली तर टाके खाली, म्हणजे टब लागेल," काका तिला समजावून सांगू लागले. "सिझेरियन झालं तर टाके पोटावर, म्हणजे पट्टा लागेल. दोन्ही एकाच किटमध्ये म्हणजे त्यातलं एक डेड स्टॉक. त्याचे पैसे मी का भरू?"

लेकीने पदराने तोंड झाकलं. पण मला विचाराल तर या प्रश्नाला त्या इमारतीत कोणाकडेच उत्तर नव्हतं.

घरी येऊन त्यांनी विम्याचे कागद काढले. विमा नियामकाने कंपन्यांना दिलेल्या ६८ वस्तूंच्या यादीत सॅनिटरी पॅड आहेत, डायपर आहेत, बाळाचं खाणं आहे. साध्या पॉलिसीत या वस्तूंचे पैसे सहसा मिळत नाहीत. काकांचा चेहरा उजळला. खर्च खिशातून, तर खरेदीही आपलीच!

पुढचे पंधरा दिवस कंपनीची क्यूसी लॅब बाळंतपणाच्या कामाला लागली. पाच कंपन्यांचे पॅड टेबलावर ओळीने मांडलेले. साध्या पाण्याने काय कळणार, म्हणून सलाईनमध्ये ग्लिसरीन घालून ते जरा दाट केलेलं. मेजरिंग सिलिंडरने ओतायचं, काट्यावर वजन करायचं, वरून वजन ठेवून परत किती गळतं ते लिहायचं. नवे केमिस्ट पोरगे कानापर्यंत लाल. एकाने दार लोटून घेतलं, तर काका ओरडले, "वारा येऊ दे रे, दार कशाला लोटतोस!"

काका काही सुधारक वगैरे नाहीत. मासिक पाळीवर त्यांनी आयुष्यात एक वाक्य उच्चारलं नसेल. पण इंडेंटवर ती वस्तू आयटम नंबर चार झाली आणि तिच्यातली लाज त्यांच्यापुरती संपली. उल्हासनगरच्या होलसेलवाल्याने पॅडचे गठ्ठे वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतले, तेव्हा काकांनी कागद फाडून माल भर दुकानात मोजला. वर त्यालाच सुनावलं, "साई, इसपे जीएसटी निल है, जुलाई दो हजार अठरा से. बिल में मत डालना." मग तिथूनच गजानन मार्केटला जाऊन दुपट्यांचं सुती कापड मीटरवर आणलं.

काकूंनी या काळात स्वतःचं खातं वेगळं चालवलं. आळीव, डिंक, खसखस, बाळंतशोपा. आईची जुनी सुती लुगडी तीनदा धुऊन, उन्हात वाळवून, घड्या घालून ठेवली. काका तक्ता घेऊन लुगड्यांची नोंद करायला आले, तेव्हा त्यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरूनच परत पाठवण्यात आलं.

दुखणं सुरू झालं रात्री. शेवटी सिझेरियन ठरलं. काका तीन खोकी घेऊन ऑपरेशन थिएटरच्या दाराशी हजर. सिस्टरने त्यांना तिथेच अडवलं. "आत फक्त आमचं निर्जंतुक सामान. तुमचं वॉर्डात आल्यावर." आम्हाला वाटलं, आता जुंपणार. काका मात्र चटकन बाजूला झाले. "बरोबर आहे. माझ्याकडे स्टरिलायझेशनचं सर्टिफिकेट नाही."

त्या बाकावर बसून त्यांनी पाकिटाच्या मागे जो हिशोब मांडला, तो मी अजून जपून ठेवलाय. किट हॉस्पिटलातल्या चार दिवसांचं. अंगावरून जातं चार ते सहा आठवडे. म्हणजे स्टॉक लागतो तो घरी, आणि घरासाठी किटमध्ये काही नाही. पहिले चार दिवस हॉस्पिटलचे, पुढचा महिना आपला. एवढी साधी गोष्ट त्या छापील कागदावर कुठेच नव्हती.

नात झाली. तिसऱ्या रात्री एल-वनचा पॅड लेकीने हातात परत दिला. "बाबा, टोचतंय. पुरळ आलंय."

शोषण उत्तम, गळती शून्य, भाव सर्वांत कमी. फक्त वरची जाळी प्लास्टिकची. लॅबमध्ये हे कळणार कसं? तिथे तो पॅड कोणी लावून पाहिलाच नव्हता. काका उठले, स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये गेले, मऊ सुती पॅडची चार पाकिटं छापील किमतीला घेतली आणि बिलसुद्धा न मागता परत आले. कंपनीत ही बातमी पोचली तेव्हा स्टोअरकीपरने दोनदा विचारलं, "बिल नाही?"

उरलेल्या एल-वनच्या मालाला लाल रिजेक्शन टॅग लागला. कंपनीतल्या सेंट्रिफ्यूगल पंपाच्या ग्लँडखालची गळती टिपायला तो माल दीड महिना पुरला. स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू कंपनीत आणून वापरली, म्हणून काकांनी आत येणाऱ्या मालाचा गेटपास मात्र बनवून घेतला.

आता कंत्राटी पोरांपैकी कोणाची बायको दिवसांत असली की पोरगं आधी काकांच्या टेबलापाशी येतं. सरकारी छाया रुग्णालयात किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्तीत नाव घातलं असेल तर काका सांगतात, "२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. औषधं, टाक्यांचं साहित्य, रक्त, तपासण्या फुकट. जेवण नॉर्मलला तीन दिवस, सिझेरियनला सात. न्यायला-सोडायला १०२ नंबरची गाडी. बाहेरून आणायची चिठ्ठी हातात दिली तर आधी इथे घेऊन ये. पॅड नि सुती कपडे मात्र घरचे ने, महिनाभराचे." खाजगीत जाणार असेल तर काका छापील तक्ता काढून देतात. त्यात शोषण, गळती, भाव हे जुने रकाने आहेतच. शेवटी एक नवा घातलाय: 'टोचतं का?' त्यापुढे वापरणारीची सही लागते, नवऱ्याची चालत नाही.