आभाळाचा मालक

करंजीला राष्ट्रीय महामार्ग 44 सोडून गाडी वणीच्या अंगाला वळली की माझा आवाज बदलतो, असं बायकोचं म्हणणं. श्रीनगर-कन्याकुमारी रस्त्यावर मी साधा ड्रायव्हर. मारेगावच्या वाटेला लागलो की आभाळाचा मालक. पुण्याच्या पाहुण्यांना ते असं दाखवतो, जणू सातबारा माझ्याच नावे आहे. "बोला, आहे का एवढं तुमच्याकडे?" पाहुणे मान वर करून "मोठं आहे खरं" म्हणतात आणि पुन्हा मोबाइलला रेंज शोधू लागतात.

एवढं दाखवायला उसंत मिळते ती कोळशाच्या ट्रकांमुळे. वणीकडच्या खाणींचा माल घेऊन ते रांगत असतात. ओव्हरटेक करायची माझी छाती नाही. ती उणीव मी रसिकतेत खपवतो. ट्रकच्या मागचं साहित्य हा तर माझा खास प्रांत. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने 2015 मध्ये बंदी घातली, कारण ते वाचून लोक उगाच हॉर्न बडवतात. आमच्याकडे बंदीची गरजच नव्हती. कोळशाच्या भुकटीखाली अक्षरं दिसतील तर शपथ! 'बुरी नजरवाले' एवढंच कसंबसं लागतं, पुढचं ताडपत्रीच्या सुटलेल्या टोकाने झाकलेलं. तोंड कोणाचं काळं होणार हे लिहायची तशीही गरज नसते, मागे मी असतोच. ताडपत्री फडफडते, भुकटी काचेवर येते, मी पाणी मारून वायपर फिरवतो, आणि माझ्या अफाट आभाळाचे राखाडी चिखलात दोन अर्धगोल तेवढे उरतात.

त्यात इंजिनिअर भाच्याने हिशेब मांडला. कारमध्ये डोळे जमिनीपासून सव्वा मीटरवर; सपाट रानात क्षितिज सुमारे 4 किलोमीटरवर. ट्रकवाला बसतो अडीच मीटरवर. त्याचं क्षितिज साडेपाचच्या पुढे. म्हणजे ज्याला मी आडवा आलाय म्हणून शिव्या घालतो, त्याचा मुलूख माझ्याहून दीड किलोमीटर लांब! मामाला असं कोणी बोलतं का?

जूनच्या अखेरीची एक दुपार मात्र थट्टेत बसत नाही. पेरण्या उरकल्या होत्या, पाऊस दडला होता, आणि ढग तर असे गच्च की मी गाडी थांबवून फोटोच काढत सुटलो. धुऱ्यावर एक कास्तकार उभा होता. त्याच्या वावरात नुकत्या उगवलेल्या पऱ्हाटीने माना टाकलेल्या. कौतुकाने त्याला फोटो दाखवला. त्याने दोन बोटांनी ढग मोठा केला, निरखून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, फोटोतला ढग पडते का?"

म्हणाला हसूनच. पण दुबार पेरणी म्हणजे बियाण्याची पिशवी पुन्हा, उधारी पुन्हा, आणि कृषी केंद्रातला तोच बाक पुन्हा. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत यवतमाळ जिल्ह्याचं नाव इतकी वर्षं येतंय. ते ढग वरून याच रस्त्याने निघून जातात. त्या दिवशी मी फोटो स्टेटसला ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी ठेवला. खोड ती खोड.

तुम्हाला हा रस्ता बघायचाच असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी या. पळस पेटलेला असतो, हरभरा काढणीला आलेला असतो, आणि आभाळ कोरडंठाक असलेलंच तेव्हा सगळ्यांना हवं असतं. ट्रकमागे अडकलात तर काच तेवढी वर घ्या.