बारा बोरचे आबा

पाली दरवाजाने राजगडावर जाणारी मंडळी आबांना वाट विचारतात आणि अडकतात. वाट दोन मिनिटांत सांगून होते. मग आबा बदकांच्या शिकारीवर घसरतात, आणि तिला कोणती बंदूक बरी यावर उन्हं कलली तरी हटत नाहीत. पहिल्यांदा मीही असाच अडकलो. आता मुद्दाम अडकायला जातो.

आबांकडे वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, भातात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी परवान्यावर मिळालेली. दारू भरा, गज मारा, टोपी बसवा. बार निघेपर्यंत डुकरं ढेकर देऊन डोंगरात गेलेली. सेमी-ऑटोमॅटिकचं वेड त्यांना बहुधा यातूनच लागलं. घोडा दाबला की बार, रिकामं काडतूस आपसूक बाहेर, भरलेलं आत. अशी बंदूक त्यांनी जन्मात हातात धरलेली नाही. जॉन ब्राउनिंगची ‘ऑटो-फाइव्ह’ १९०२ सालापासून बेल्जियममध्ये बनू लागली, हे मात्र ते असं सांगतात की बरवनिंग हा शेजारच्या गावचा पाटील वाटावा.

त्यांचा पुतण्या टेक्सासला असतो. मित्रांबरोबर बदकं मारायला जायचं म्हणून बंदूक घेतोय, असं तो फोनवर बोलून गेला. झालं! आबांनी रेंज मिळते त्या आंब्याखाली खुर्चीच टाकली.

“आरं, बैल घेताना आधी काय बघतो? खांदा. दस्ता खांद्याला बसला पायजे. आन् दुकानात जाताना जाड जाकीट घालून जा. थंडीत तेच आसणार अंगावर.”

“बरं, आबा.”

“दोन जाती हायेत. गॅसवाली आपल्याच बाराचा धूर खाऊन चालती. खांद्याला मऊ, पण काजळी धरती, सारखी पुसत बसावं लागतंय. धक्क्यावर चालणारी चिखलापाण्यात कुरकुरत न्हाई, पण लाथ मारती. आन् हलकं काडतूस दिलं की रुसती.”

पुतण्याने तिकडचा कायदा सांगितला : स्थलांतरित पक्ष्यांसाठी बंदुकीत तीनच काडतुसं, जास्त मावत असतील तर आत अडसर घालायचा. हे १९३५ पासूनचं. “म्हंजे पाचाचे पैसे मोजून वर खुटी ठोकायची?” आबा खूश झाले. सरकार कुठलंही असो, सारखंच निघालं. पण १९९१ पासून तिथे पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे बंद आहेत, पाण्यात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि विषाने मरतात, हे ऐकल्यावर ते गप्प झाले. “बराबर हाय. मारायचं तर मारावं, इख घालू नये.”

मी एकदा विचारलं, “आबा, इथल्या धरणावर थंडीत बदकं उतरतात. तुम्ही कधी...?”

“खुळं का काय? बाहत्तरचा कायदा हाय. आन् नसता तरी हळदी-कुंकवावर बार काढायचा?” हळदी-कुंकू हे आपल्याकडच्या एका बदकाचं नाव, चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके. शेजारी तो काळाभोर, कपाळी पांढरा टिळा लावलेला पक्षी पोहतो, त्याला तर वारकरीच म्हणतात. त्यावर नेम धरणारा माणूस मावळात नांदणं कठीण.

पुतण्याने शेवटी बंदूक घेतलीच नाही. मित्राची दुनळी दोन दिवस मागून नेली. आबांनी आठवडाभर त्याचा फोन उचलला नाही.

त्यांची स्वतःची ठासणीची बंदूक मागच्या निवडणुकीत, आचारसंहिता लागली तेव्हा, पोलीस ठाण्यात जमा केली होती. ती अजून तिथेच आहे. पावती फडताळात, रेशनकार्डाखाली.