माती? छे, कोकोपीट!

आमच्या सोसायटीत 'कोकोपीट' हा शब्द माझ्याइतक्या गंभीर चेहऱ्याने कोणीही उच्चारत नाही. बाकीचे कुंडीत माती भरतात. मी पाच किलोची वीट भिजत घालतो. पाणी पिऊन ती साठ-सत्तर लिटरपर्यंत फुगते, आणि बघायला कोणी आलं असेल तर मीही फुगतो. शेजारच्या काकूंनी "टोमॅटो असा पिवळट का हो?" असं विचारलं, की मी म्हणतो, "पीएच अगदी योग्य आहे."

पीएच योग्यच असतो. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ पट पाणी धरतं, मुळांना हवाही मिळू देतं, पण खायला जवळजवळ काहीच देत नाही. लग्नात ऐसपैस सतरंजी अंथरावी आणि पंगतच बसवू नये, तसा प्रकार. टोमॅटो बिचारा बसून राहतो.

आता सोडणाविषयी, म्हणजे नारळाच्या ज्या सालीतून हे कोकोपीट निघतं तिच्याविषयी, बोलायलाच हवं. वेंगुर्ल्याच्या मावशीच्या परसात एक पहार रोवलेली असे. मावशी तिच्या टोकावर नारळ दाबायची, मनगटाला असा काही पीळ द्यायची की दोन-तीन झटक्यांत सोडण बाजूला. माझ्या हाती नारळ दिला की पहारच दमायची. सोडणं न्हाणीच्या चुलीत जात, काथ्याने भांडी लख्ख होत, उरलेली सोडणं माडाच्या बुंध्याशी चर खणून पुरायची, म्हणजे उन्हाळ्यात ओल टिकते. मी कोकोपीटचे गुण सांगू लागलो, तेव्हा मावशी शांतपणे म्हणाली, "म्हणजे सोडणाचोच भुसो ना रे? पैशे देवन घेतलंस?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी पुन्हा पीएचकडे वळलो.

चीड मात्र वेगळ्याच गोष्टीची येते. केरळात बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवलेली सोडणं बडवून बडवून काथ्या काढला. भुशाचे ढीग तसेच पडून राहत. आज तोच भुसा चकचकीत वेष्टनात 'प्रीमियम' होऊन येतो. वेष्टनावर हिरवं पान असतं, पण बडवणारे हात नसतात.

तेव्हा वीट जरूर घ्या. तपकिरी पाणी निवळेपर्यंत धुवा, नाहीतर त्यातले क्षार झाडाला छळतात. गांडूळखत सढळ हाताने मिसळा. आणि कोणी माहिती विचारलीच तर थोडक्यात सांगा; टोमॅटोला भाषण पचत नाही.